चौकातल्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो हवा? मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांनी सांगा

बालाघाटी

राम राम मंडळी,

आपल्याकडं चौक म्हटला की फ्लेक्स आलाच. वाढदिवस, निवड, फेरनिवड, पोराचं जावळ, काही ना काही निमित्त असतंच. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, वर नेत्यांची रांग, खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे फोटो. गल्लीतलं पोरगं पहिल्यांदा त्या खालच्या रांगेत झळकलं की त्याची आई बाजाराला मुद्दाम त्या चौकातून जाते. आमच्या गावात हे मी पाहिलंय, आणि त्या माउलीला नावं ठेवायचं माझ्या मनातही येत नाही.

पण एक गोष्ट लागते. मी आष्टी तालुक्यातला. आमच्याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचं पोरगं, बारावीनंतर सैन्यात गेलं, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहून आलं आणि मग पळायला लागलं. तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे नुसतं पळणं नव्हे. वाटेत २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सोनं हुकलं ते ०.०५ सेकंदानं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या एकालाही कांस्यसुद्धा मिळालं नव्हतं, हे ध्यानात घ्या. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणणारा तोच.

तेव्हा आमच्या तिठ्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. आठवडा झाला नाही तोवर त्याच्यावर दुसरा चढला. आता तिठ्यावर इतके फ्लेक्स झालेत की आष्टी कुठं अन् पाटोदा कुठं सांगणारी पाटीच मागं गेलीय. नवखा ट्रकवाला गाडी उभी करून पानटपरीवर रस्ता विचारतो.

म्हणून विचारायलो. तुमच्या गावच्या चौकात वर्षभर एकच फोटो ठेवायचा झाला तर कुणाचा ठेवाल? आपल्या जिल्ह्यातलाच माणूस हवा. आजकालचे पुढारी नकोत, उगाच धागा भरकटायचा. आणि फ्लेक्सचा काही जाच होत असेल तर तोही बिनधास्त लिहा.

तेरणाकाठची

बालाघाटी दादा, धाराशिवकडून माझं उत्तर तयारच आहे. सारिका काळे.

२०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघ सुवर्ण जिंकला तेव्हा कर्णधार सारिकाताई होत्या. २०२० ला त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या जिल्ह्यात खो-खोचं किती वेड आहे हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. शाळा सुटली की मैदानावर पाणी मारायचं, चुन्यानं रेघा आखायच्या, खांब रोवलेलेच असतात. मी सहावीपासून खेळले. मातीत सूर मारला की गुडघ्याची सालटी निघायची आणि घरी आई हळद भरत भरत विचारायची, गडी टिपला का नाही? टिपला म्हटलं की राग निम्मा.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. म्हणजे दादा, तुमच्या जिल्ह्याला आणखी एक फोटो लागणार. आता सगळं मॅटवर खेळतात. मॅटवर पाय वेगळा पडतो, मातीतल्या मुलींना तो नव्यानं बसवावा लागतो. ज्या पोरी आज गावात मातीवर पळतायत त्यांना शाळेच्या वाटेवर हा फोटो दिसला पाहिजे.

बालाघाटी

ताई, प्रियांकाचं नाव घेतलंत, लई बरं वाटलं. बीडची यादी तशी लांबच आहे. पाटोद्याचा राहुल आवारे: २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आणि सचिन धस. २०२४ चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक, दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा उपांत्य सामना. २४५ करायचे होते आणि ३२ वर चार बाद. पोरानं ९६ केले. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणीच झोपलं नव्हतं.

मांजराकाठ

लातूरकर हजर हाय. सगळं वाचूलालो, मजा यायलीय.

फोटोचं नंतर बोलू, अगोदर फ्लेक्सचं पुढं काय होतं ते ऐका. वाढदिवस झाला की दोन-तीन दिवसांत फ्लेक्स रातोरात गायब होतो. आमच्याकडं तो कुठं जातो हे शेंबड्या पोराला पण ठाऊक हाय: सोयाबीनच्या गंजीवर. काढणीच्या टायमाला, म्हणजे दसऱ्याच्या मागं-पुढं, आभाळ भरून आलं की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ताडपत्री महाग, फ्लेक्स फुकट. छापलेली बाजू खाली, पांढरी वर, चारी कोपऱ्याला दगुड. माझ्या चुलत्यानं मागच्या साली एक अख्खी गंज अशीच वाचवली. कूलरवर फ्लेक्स, गोठ्याच्या कुडाला फ्लेक्स, म्हशीच्या पेंडीवर फ्लेक्स. लग्नात बुंदी झाकायला वापरलेला पण म्या बघितलाय.

पण वेळ अमावस्येला आमची आजी फ्लेक्स शेतात येऊ देत नाही. बाहेरच्यांना सांगतो, मार्गशीर्ष अमावस्येला आमचं लातूर, धाराशिव सगळं शेतात असतं. शहरातल्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ज्वारीच्या कडब्याची कोप करायची, आत लक्ष्मी मांडायची, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. मागच्या बारीला पोरांनी कोपीवर वारं लागू नये म्हणून फ्लेक्स टाकला. आजी म्हणली, लक्ष्मीच्या डोक्यावर ह्या बाबाचं तोंड कशाला, काढ आदी. पोरांनी गपगुमान काढला.

फोटो म्हणाल तर लातूरकर सगळे रितेश देशमुख म्हणतील. बाभळगावचं पोरगं मुंबईत जाऊन एवढं मोठं झालं अन् तिकडं आपलं गाव सांगतं, त्याचा अभिमान हायच. पण त्याला फ्लेक्सची गरज नाही, तो टीव्हीवर रोज दिसतो. माझं मत अजून पक्कं व्हायचंय.

खडकीवाली

संभाजीनगरहून लिहितेय. माझं नाव सगळ्यांना वेगळं वाटेल, पण माझ्याकडून मलिक अंबर.

कारण सांगते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. इतक्या वर्षांत आम्हाला त्याचं वेळापत्रक अंगवळणी पडलंय. पाण्याच्या दिवशी पाहुणे बोलवायचे नाहीत, गावाला जायचं नाही, लग्नाची तारीख काढताना सुद्धा आमची सासूबाई पंचांगाआधी पाण्याचा दिवस बघतात. पहाटे कुणीतरी गल्लीच्या ग्रुपवर "आलं" एवढंच टाकतं आणि सगळ्या घरांत एकदम मोटरी सुरू होतात. टाकी, मग ड्रम, मग बादल्या, मग पातेली, शेवटी तांबे. साठ किलोमीटरवर पैठणला जायकवाडीसारखं धरण आहे, १९७६ पासून आहे, आणि गल्लीत ही तऱ्हा.

आणि याच शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरनं नहर बांधली. जमिनीखालून मातीचे नळ, मध्ये मध्ये उंच मनोरे, चढ-उताराच्या हिशोबानं पाणी आपोआप शहरात येणार. वीज नाही, मोटर नाही. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी, म्हणजेच आमचं आजचं शहर, त्यानं १६१० मध्ये वसवली, आणि वसवतानाच पाण्याचा विचार केला. पाणचक्की बघायला पर्यटक येतात, फोटो काढतात. आमच्या मुलांना मात्र पाणी कुठून यायचं ते नकाशावर दाखवता येत नाही. चौकात त्याचा फोटो लावा आणि खाली नहरीचा नकाशा काढा.

गोदाकाठ

खडकीवाली ताई, नकाशाची कल्पना एक नंबर.

मी नांदेडचा. आमच्याकडून भाग्यश्री जाधव. मुखेड तालुक्यातल्या. गोळाफेक, दिव्यांगांच्या स्पर्धेत, खुर्चीवर बसून. पॅरिस २०२४ च्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता, एक सुमित अंतिल आणि दुसऱ्या आपल्या भाग्यश्रीताई. मराठवाड्याच्या लेकीनं पॅरिसच्या रस्त्यावरून देशाचा झेंडा नेला, आणि आमच्या तालुक्याच्या बसस्टँडवर दहा जणांना विचारलं तर आठ जणांना नाव सांगता येणार नाही.

बसस्टँडवरून आठवलं, जाच सांगतो. स्टँडच्या समोर फ्लेक्स असा बांधलाय की येणाऱ्या लालपरीचा बोर्ड दिसत नाही. भोंग्यातून काय सांगतात ते कुणालाच कळत नाही, म्हणून माणसं बोर्ड बघूनच पळतात. आता बोर्ड पण गेला. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची तर गाडी कोणती ते अगोदर कळाया पाहिजे. म्हातारी माणसं चुकीच्या गाडीत चढायलीत.

परभणीकर_पक्का

जगात जर्मनी, भारतात परभणी! हजेरी लावली.

आमची ज्योती गवते. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली. बेचाळीस किलोमीटर. मी पहाटे फिरायला जातो तर दोन किलोमीटरला दम लागतो, तिथं ती माय किती पळत असंल.

अन् फ्लेक्सच्या बांबूचे खड्डे! मिरवणूक झाली की बांबू काढतात, खड्डा तसाच. पहाटे अंधारात पळणाऱ्या पोरींचा पाय मुरगळतो. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं स्वतःच्या हातानं मुरूम आणून खड्डे भरायलीत, हे म्या डोळ्यानं बघायलोय.

जालनेवाली

जालना सोने का पालना! विजय झोल, २०१४ ला एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार. आमच्या मोसंबीला पण एक कोपरा द्या म्हणते मी. :)

नरसीकर

हिंगोली जिल्ह्यातून. सगळ्यांचं वाचलं, आनंद वाटला, पण मांजराकाठ भाऊंनी जे लिहिलं त्यावर आपण नीट विचार करावा असं मला वाटतं.

माझ्याकडून नाव एकच येणार, संत नामदेव महाराज. आमच्या नरसीचे. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबात घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. नांदेडला हुजूर साहिबला आलेली पंजाबी मंडळी वाट वाकडी करून नरसीला येतात. पायऱ्यांवर डोकं टेकवतात, आमच्या गावातल्या माणसांना "नामदेवजींच्या गावचे" म्हणून हात जोडतात. त्या वेळी आम्हालाच संकोच होतो, कारण आपण तेवढं करत नाही.

पण मी नामदेव महाराजांचा फ्लेक्स लावू देणार नाही. आज लावला तर पंधरा दिवसांनी वाऱ्यानं फाटणार. महिन्यानं कुणीतरी नेणार. मग गंजीवर, नाहीतर गोठ्यात, नाहीतर गटाराच्या कडेला. शेतकऱ्याचं सोयाबीन वाचत असेल तर वाचू द्या, त्याला मी बोल लावत नाही. मात्र महाराजांची मूर्ती पायाखाली जाता कामा नये. आणि महाराजांचंच कशाला? साबळेचा, सारिकाताईंचा, भाग्यश्रीताईंचा चेहरा तरी म्हशीच्या पायाखाली का जावा? फ्लेक्स ही वस्तूच आठ दिवसांची आहे. ज्यांना वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर ठेवायचं त्यांच्यासाठी ती नव्हे.

मांजराकाठ

नरसीकर काका, पटलं. माझं मत पक्कं झालं. फ्लेक्स नको.

तेरणाकाठची

मलाही पटलं. मग काय करायचं? पुतळा म्हटलं की समिती, वर्गणी आणि वाद.

रंगवाले_मामा

मी अंबाजोगाईचा. धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहितो, कारण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

भिंतीवर रंगवा.

मी पेंटर. दुकानाच्या पाट्या, शाळेतले सुविचार, टेम्पोच्या पाठीमागची अक्षरं, प्रचाराच्या भिंती, सगळं हातानं केलं. तालुक्याच्या गावात आम्ही चार-पाच जण होतो. प्रत्येकाचं वळण वेगळं, लांबून अक्षर बघून लोक सांगायचे, ही अमक्याची पाटी. फ्लेक्स आला आणि दोन-तीन सालात काम संपलं. एक जण रसवंती चालवतो, एक जण पुण्याला वॉचमन आहे. मी घरांना रंग द्यायला जातो. माझा कुणावर राग नाही. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, मला चेहरा काढायला दोन दिवस लागतात. घाई असेल त्यानं फ्लेक्सच करावा.

पण राहायला हवं असेल तर भिंत. कसं करायचं ते सांगतो, कुणी आपल्या गावात करणार असेल तर उपयोग होईल.

भिंत उत्तरेकडं तोंड असलेली निवडा. आपल्याकडचं ऊन मार्चपासून रंग खातं. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर सगळ्यात आधी लाल उडतो, मग पिवळा, निळा तेवढा राहतो. उत्तरेच्या भिंतीवर चित्र कितीतरी जास्त टिकतं. जुना चुन्याचा हात असेल तर पत्र्यानं पूर्ण खरवडून काढा, चुन्यावर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. भेगा भरून घ्या, मग प्रायमर, तो दोन दिवस वाळू द्या. रंग बाहेरच्या भिंतीचा घ्यायचा, घरातला डिस्टेंपर पहिल्याच पावसाळ्यात ओघळतो.

चेहरा काढायला फोटोवर बारीक चौकटी आखायच्या आणि तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून. सुतळीला नीळ लावायची, दोन्ही टोकं दोघांनी धरायची, मधून ओढून सोडली की सरळ रेघ उमटते. मग एका वेळी एकच चौकट. नाक, डोळे असं बघायचंच नाही, त्या चौकटीत जी रेघ आहे तेवढीच काढायची. पोरांना चौकट वाटून दिली तर ती पण काढतात. शेवटी डोळ्यांचा पांढरा ठिपका मात्र मी स्वतः देतो, तो चुकला की माणूस ओळखू येत नाही.

आणि जमिनीपासून दोन फूट मोकळं सोडा. पावसात चिखल उडतो, पोरं सायकली टेकवतात.

परभणीकर_पक्का

मामा, हे कुणीतरी छापून ठेवाया पाहिजे. सलाम.

खडकीवाली

मामा, तुमच्या हातची एखादी पाटी अजून कुठं आहे का अंबाजोगाईत? पुढच्या वेळी योगेश्वरीला येईन तेव्हा बघून येते.

रंगवाले_मामा

दोन आहेत ताई. या तुम्ही, मी दाखवतो. चहा आमच्याकडं.

वकीलसाहेब_वसमत

चांगलं चाललंय, एक खबरदारी तेवढी घ्या. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. बेकायदा फ्लेक्सला लागू होतो तसा तो विनापरवानगी रंगवलेल्या भिंतीलाही लागू होतो. हेतू चांगला म्हणून सूट मिळत नाही. भिंत ज्याची त्याची लेखी परवानगी घ्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या. ठरावात "या भिंतीवर अन्य जाहिरात लावू नये" हे वाक्य न विसरता घाला, नाहीतर चित्रावरच फ्लेक्स बांधतील.

बालाघाटी

वकीलसाहेब, ते वाक्य लिहून घेतलं. फार मोलाचं सांगितलंत.

आमच्या शाळेची उत्तरेची भिंत रस्त्याला लागूनच आहे. मुख्याध्यापकांशी फोनवर बोललो, ते तयार आहेत. रंगाला लागणारे पैसे गावातली सैन्यातली पोरं देतो म्हणाली, त्यांना अविनाशचं नाव काढलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. नगरहून बीडला रेल्वे सुरू झाली ना १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाला? पोरं म्हणतात स्टेशनच्या भिंतीवर पण काढू. म्हटलं आधी शाळेची होऊ द्या, रेल्वेची परवानगी पुढं बघू.

मामा, तुम्ही आमच्याकडं याल का? राहायची-जेवायची सोय माझ्या घरी. मजुरी तुम्ही सांगाल ती, त्यात घासाघीस होणार नाही.

रंगवाले_मामा

येतो की. दिवाळी झाली की येतो, पाऊस पूर्ण उघडलेला पाहिजे आणि भिंत कोरडी ठणठणीत. तोवर भिंतीची लांबी-उंची मोजून पाठवा.

फोटो मात्र नीट निवडा. हार घातलेला, पदक धरलेला नको, सगळे तसेच असतात. पळतानाचा हवा. त्या पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घेतानाचा असेल तर फारच उत्तम. खालची दोन फूट मोकळी सोडायचीच आहेत, तिथं नुसता निळा पट्टा मारू, पाणी होईल. चिखल उडाला तरी दरवर्षी पोरं परत निळा हात देऊ शकतील.

तेरणाकाठची

मामा, आमच्याकडं पण या. सूर मारतानाचा फोटो मी शोधून ठेवते, आडवी भिंत लागेल ना त्याला?

रंगवाले_मामा

आडवीच. बारा फूट तरी लांब बघा.